मराठी कथा-कादंबऱ्या शोधून वाचायच्या कशा? नव्या वाचकासाठी

कुठल्याही मराठी पुस्तकांच्या दुकानात जा, दर्शनी मांडणीवर साधारण तीच पंधरा-वीस नावं दिसतील. मृत्युंजय, ययाति, श्रीमान योगी, छावा, पुलंचा एक रकाना, शेजारी वपु आणि त्यांच्या बाजूला ‘यशस्वी कसे व्हाल’ छापाच्या भाषांतरांची चळत. या पुस्तकांबद्दल तक्रार नाही. ती खपतात म्हणून दुकान चालतं. पण शाळा सुटल्यापासून मराठी वाचलं नाही, आता पुन्हा सुरुवात करू म्हणत आलेला माणूस ही मांडणी बघतो आणि मराठीत एवढंच आहे अशी समजूत करून घेऊन परत जातो.

असं होण्यामागचा व्यवहार साधा आहे. मराठीत पूर्वापार एक आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची. हल्ली बऱ्याचदा पाचशेचीच. जाहिरातीला पैसे नसतात, वितरक सगळीकडे पोचत नाहीत आणि दुकानदार रोज विकलं जाणारं पुस्तक पुढे मांडतो. साहित्य अकादमी मिळालेली कादंबरीही जिल्ह्याच्या गावी दिसेलच असं नाही. चांगलं पुस्तक आपणहून तुमच्यासमोर येणार नाही, हे धरूनच चालायचं.

मग शोधायचं कसं? माझ्या मते एकच सवय लावून घेतली तर बाकीचं आपोआप होतं: मुखपृष्ठावरचं लेखकाचं ठळक नाव सोडून बाकीची बारीक टायपातली नावं वाचायची. प्रकाशक, अनुवादक, संपादक, मालिकेचं नाव. लेखकाची पुस्तकं तुम्ही पाच-सहा वाचाल आणि संपतील. चोखंदळ प्रकाशक किंवा चांगला अनुवादक मात्र तुम्हाला दहा अनोळखी लेखकांकडे घेऊन जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका सवयीच्याच आहेत.

पहिली पायरी: श्रेयपान वाचा

आतल्या मुखपृष्ठाच्या पाठीमागे बारीक अक्षरांतलं एक पान असतं. त्यावर पहिली आवृत्ती कधीची, कितवी आवृत्ती हातात आहे, हक्क कुणाचे, मुद्रक कोण, हे सगळं असतं. बहुतेक जण ते उलटून पुढे जातात. तुम्ही थांबा.

आधी पहिल्या आवृत्तीचं साल बघा. जुन्या पुस्तकांवर शके असेल तर ७८ मिळवा, इसवी सन येईल. आज चकचकीत मुखपृष्ठासह समोर आलेली कादंबरी १९३९ची आहे की २०१९ची, हे पहिल्या वाक्याआधी माहीत असलेलं बरं. ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला आणि ‘नवी’ किंवा ‘सुधारित आवृत्ती’ म्हणजे काही बदललेलं, असा संकेत आहे. तो सगळेच पाळतात असं नाही. लेखकाने दुसऱ्या किंवा तिसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने दोन पानं लिहिली असतील तर त्यात बदलांचा खुलासा बहुधा सापडतो. ‘संक्षिप्त’ हा शब्द मात्र डोळ्यांत तेल घालून शोधा. कधीकधी तो मुखपृष्ठावर नसतो, आतच असतो.

एकाच पुस्तकाच्या सात-आठ प्रकाशकांच्या प्रती दिसल्या तर त्यामागे कायदा आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून होते. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे २०११पासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते आणि अनेकांनी छापली. त्यात मजकूर पूर्ण असलेल्या आहेत, तशाच मुलांसाठी कापून छोट्या केलेल्याही आहेत. अशा वेळी किंमत बघून उचलू नका. ‘श्यामची आई’त रात्र पहिली, रात्र दुसरी असे भाग आहेत. ते बेचाळीस भरतात का, एवढं अनुक्रमणिकेत मोजलं तरी निम्मं काम झालं.

दुसरी पायरी: नवं पुस्तक, म्हणजे आधी प्रकाशक

नव्या लेखकाचं नाव तुम्हाला माहीत असण्याचं कारणच नाही. अशा वेळी प्रकाशकाचं नाव कामाला येतं. साहित्य अकादमीच्या अलीकडच्या मराठी यादीतली ही कथात्म पुस्तकं बघा: २०१६ला आसाराम लोमटे यांचा कथासंग्रह ‘आलोक’, २०२१ला किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’, २०२२ला प्रवीण बांदेकरांची कादंबरी ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’, २०२३ला कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. लोमटे मराठवाड्यातले, गुरव आणि खोत कोल्हापूरकडचे, बांदेकर तळकोकणातले. विषय वेगळे, बोली वेगळ्या. पण चारही पुस्तकं मुंबईच्या शब्द पब्लिकेशनची आहेत. हा योगायोग नव्हे. अशा घराचं पुस्तक लेखक अनोळखी असला तरी हातात घेऊन बघावं.

पुरस्कारांच्या याद्या याच कामासाठी वापरायच्या. कुणाला मिळाला आणि कुणाला मिळायला हवा होता, हा वाद आपल्याकडे बारमाही असतो. त्यात पडू नका. यादीतून प्रकाशक टिपा. मुख्य पुरस्कारापेक्षा नव्या वाचकाने अकादमीच्या युवा पुरस्काराची यादी आधी बघावी असं मी सांगेन, कारण त्यात आजच्या जगण्याला लागून असलेली पुस्तकं जास्त असतात. २०२१ला प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ होती, रोहन प्रकाशनाची. २०२४ला देविदास सौदागर यांची ‘उसवण’. सौदागर तुळजापूरचे, व्यवसायाने शिंपी. तयार कपड्यांच्या लाटेत शिलाईचं काम सुटत जाणाऱ्या माणसाची ही छोटी कादंबरी देशमुख आणि कंपनीने काढली. हेच ते घर, ज्याने १९६३मध्ये भालचंद्र नेमाडे नावाच्या पंचविशीतल्या मुलाची ‘कोसला’ छापली होती.

पुस्तक होण्याच्या आधीच लेखक गाठायचा असेल तर दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा आधी तिथे उमटते आणि दोन-चार वर्षांनी संग्रहात येते. सगळे अंक विकत घेणं कुणालाच परवडत नाही, गरजही नाही. बहुतेक सार्वजनिक वाचनालयं दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात. ती भरली की पुढचे काही महिने अंक बदलून बदलून घरी आणता येतात. मौज, अक्षर, मुक्त शब्द, दीपावली अशा अंकांत राशिभविष्य आणि नटनट्यांच्या मुलाखती बाजूला ठेवून थेट कथा विभाग उघडायचा. जी कथा अर्ध्यात सोडवली नाही तिच्या लेखकाचं नाव लिहून ठेवायचं आणि त्या नावाचं पुस्तक आहे का, हे बघायचं. माझ्या माहितीत याहून खात्रीचा मार्ग नाही. वर्षभर लक्ष ठेवायचं असेल तर ‘ललित’ मासिक आहे. १९६४पासून ते पुस्तकांविषयीच निघतं, आणि त्यातल्या प्रकाशकांच्या जाहिराती लेखांइतक्याच उपयोगाच्या असतात.

वृत्तपत्रांतली परीक्षणं जपून वाचा. मराठीत लेखक, परीक्षक आणि प्रस्तावनाकार एकमेकांना ओळखत असतात. जग लहान आहे. परीक्षणात कथानकाचा सारांश आणि शेवटी ‘संग्राह्य’ असं आलं, तर त्यावरून काहीच कळलं नाही असं समजा. पुस्तकातला एखादा उतारा उद्धृत केला असेल तर तेवढाच वाचा. भाषा आपल्याला रुचते का, हे त्या दहा ओळी सांगतात.

तिसरी पायरी: पुन्हा छापलेलं

माझं जास्त प्रेम या रकान्यावर आहे, हे आधीच सांगून टाकतो. एखादं पुस्तक तीस-चाळीस वर्षं बाजारातून गायब असतं. कधी प्रकाशनसंस्था बंद पडलेली असते, कधी वारसांचं एकमत होत नाही. कधी पहिली आवृत्तीच खपायला पंधरा वर्षं लागलेली असतात, मग दुसरीचं धाडस कोण करणार? आणि अचानक ते परत येतं. बहुधा काहीतरी निमित्त असतं: जन्मशताब्दी, चित्रपट, मालिका, किंवा एखाद्या तरुण प्रकाशकाचा हट्ट. प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लंपन हा मुलगा ‘वनवास’मधून १९९४ला पुस्तकरूपात आला. त्यावर २०२४मध्ये वेबमालिका आली आणि ज्यांच्या आईवडिलांनी तो वाचला होता त्या मुलांनी पुस्तक विचारायला सुरुवात केली. लेखकांची शताब्दीवर्षं लक्षात ठेवा. त्या वर्षात आधी संग्रह निघतात, मग निवडक, मग समग्र. ‘निवडक’ घेताना निवड कुणी केली हे बघा. तेही एक बारीक अक्षरांतलं नाव असतं. भाऊ पाध्ये यांच्या श्रेष्ठ कथांची निवड कवी दिलीप चित्र्यांनी केली आहे. तिथे निवडणाऱ्याचं नाव हेच पुस्तक घेण्याचं अर्धं कारण आहे.

सुरुवात कुठून करावी? मी ‘रणांगण’ सांगेन. विश्राम बेडेकरांची १९३९ची कादंबरी, आकाराने लहान. युरोपातून निघालेल्या बोटीवर नाझींच्या छळातून पळालेली ज्यू माणसं आहेत आणि मायदेशी परतणारा एक मराठी तरुण आहे. दुसरं महायुद्ध पेटत होतं त्याच वर्षी हे मराठीत छापलं गेलं, हे डोक्यात ठेवून वाचा. नंतर शहाणपण सुचून लिहिलेली ही कादंबरी नाही. तिच्यापाठोपाठ ‘कळ्यांचे निःश्वास’ घ्या. १९३३ला विभावरी शिरूरकर या टोपणनावाने तो कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चाललंय, हे इतकं उघड लिहिणारी ही बाई कोण, यावरून गदारोळ झाला होता. ती बाई म्हणजे मालतीबाई. पुढे विश्राम बेडेकरांशी त्यांचं लग्न झालं. एका घरातली ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर तीसच्या दशकातल्या मराठी मध्यमवर्गाबद्दल इतिहासाच्या पुस्तकात नसलेलं बरंच काही कळतं.

साठ-सत्तरच्या दशकातली मुंबई हवी असेल तर भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५) आणि किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४). ‘वासूनाका’वर आचार्य अत्र्यांनी अश्लील म्हणून झोड उठवली होती. आज ती वाचताना अश्लीलतेपेक्षा नाक्यावरच्या पोरांचं रिकामपण जास्त बोचतं. नगरकरांनी त्यानंतर कादंबऱ्या इंग्रजीत लिहिल्या, म्हणून अनेकांना ते मूळचे मराठी कादंबरीकार हेच ठाऊक नसतं.

जुनं पुस्तक वाचताना एक पथ्य पाळा. प्रस्तावना शेवटी वाचा. मराठी प्रस्तावनांना कथानक आधीच सांगून टाकण्याची खोड आहे, आणि थोर पुस्तक आहे असं वीस पानं ऐकल्यावर मोकळेपणाने वाचताही येत नाही. दुसरं म्हणजे जातीबद्दल, बायकांबद्दल खटकणारं काही आलं तर तिथे स्वतःला एक प्रश्न विचारा: हे पात्र बोलतंय की लेखक? मग राग आला तरी कुणावर यायचा ते नेमकं कळतं.

बाजारात नसलेलं पुस्तक हवं असेल तर आपल्याकडची जुनी वाचनालयं ही मोठी दौलत आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. तिथल्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतल्या पुस्तकांवर नावही धड दिसत नाही, त्यामुळे कपाटं बघत फिरण्यात वेळ घालवू नका. लेखकाच्या नावाने यादी मागा आणि ग्रंथपालांशी बोला. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि मुंबईत फोर्टच्या पदपथावर जुनी पुस्तकं मिळतात, पण नेमकं हवं ते तिथे मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. तिथे न शोधलेलं सापडतं. सोव्हिएत काळात मॉस्कोहून छापून आलेली रंगीत मराठी बालपुस्तकं अजून अशीच कुठेतरी हाती लागतात, आणि विकणाऱ्याला त्यांचा भाव आता चांगला कळला आहे.

फुकट आणि कायदेशीर असंही पुष्कळ आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर खुली केली आहेत. मराठी विकिस्रोतावर हक्क संपलेली पुस्तकं टंकलिखित रूपात मिळतात. हरि नारायण आपटे १९१९ला गेले, तेव्हा त्यांच्या कादंबऱ्यांना आता कुणाची परवानगी लागत नाही. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. ती तशीच वाचावी, रोज एक प्रकरण. सलग वाचायला बसलात तर कंटाळाल, आणि तो दोष कादंबरीचा नसेल. व्हॉट्सअॅपवर फिरणारी नव्या पुस्तकांची पीडीएफ मात्र नको. पाचशेच्या आवृत्तीत पन्नास प्रती कमी खपल्या तरी पुढचं पुस्तक अडतं.

चौथी पायरी: अनुवाद

इथे लहान टायपातलं नाव सगळ्यात महत्त्वाचं. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर आहे का, हे पहिल्यांदा बघा. नसेल, आतही मूळ पुस्तकाचं नाव, साल, भाषा दिलेली नसेल, तर ते पुस्तक खाली ठेवायला हरकत नाही. स्वतःच्या अनुवादकाची लाज वाटणाऱ्या प्रकाशकाने मजकुरावर मेहनत घेतली असण्याची शक्यता कमी.

मग शीर्षकाखालचा शब्द. ‘अनुवाद’ असेल तर पूर्ण मजकुराची अपेक्षा धरा. ‘रूपांतर’ असेल तर नावं, गावं बदललेली असू शकतात. ‘स्वैर’ किंवा ‘संक्षिप्त’ असेल तर काय गाळलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. यात श्रेष्ठ-कनिष्ठ असं काही नाही. शांता शेळक्यांनी ‘लिटल विमेन’ची ‘चौघीजणी’ केली आणि पुलंनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट १९६५मध्ये ‘एका कोळियाने’ म्हणून आणली. दोन्ही मराठी वाचकाने आपली मानली. फक्त आपण काय वाचतोय हे माहीत असावं.

पुढचा प्रश्न: थेट मूळ भाषेतून की इंग्रजीमार्गे? रशियन, जपानी, स्पॅनिश कादंबऱ्या मराठीत बहुतेक इंग्रजीतूनच येतात. त्यामुळे त्या टाकाऊ होत नाहीत, पण दोन हातांतून आल्या हे लक्षात घ्यावं. परदेशी भाषांतून थेट मराठीत आलेलं वाचायचं असेल तर पुण्याहून निघणारं ‘केल्याने भाषांतर’ हे नियतकालिक त्यासाठीच आहे. भारतीय भाषांच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. कन्नडमधून तर इतकं आलंय की भैरप्पा हे मराठी लेखकच आहेत असं समजणारे वाचक भेटतात. हे मुख्यतः उमा कुलकर्णी यांचं काम. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला त्यांना साहित्य अकादमीचा १९८९चा अनुवाद पुरस्कार मिळाला, ‘पर्व’, ‘मंद्र’, ‘आवरण’ अशी रांगच आहे. त्यांची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. पती विरुपाक्ष कुलकर्णी यांनी कन्नड वाचून दाखवायचं आणि उमाताईंनी ते ऐकून मराठीत उतरवायचं. त्यांच्या वाक्यांना बोलण्याची लय आहे ती यातूनच आली असावी, असं मला वाटतं. आणि विरुपाक्षांनी उलट दिशेने, मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद केले.

आता अनुवादकाच्या नावामागे जाऊन बघा काय हाती लागतं. जयप्रकाश सावंत हे नाव धरलं की हिंदीतले उदय प्रकाश मिळतात: ‘तिरीछ आणि इतर कथा’. सोनाली नवांगुळ यांच्यामागे गेलात की तमिळ लेखिका सलमा भेटतात. ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या त्या अनुवादाला अकादमीचा २०२०चा अनुवाद पुरस्कार आहे. ते पुस्तक मनोविकास प्रकाशनाच्या ‘भारतीय लेखिका’ मालिकेतलं, आणि मालिकेच्या संपादक होत्या कविता महाजन, म्हणजे ‘ब्र’ आणि ‘भिन्न’ या कादंबऱ्यांच्या लेखिका. एका पुस्तकाच्या श्रेयपानावरून तुम्ही एका तमिळ लेखिकेपर्यंत, भारतीय भाषांतल्या बायकांच्या अख्ख्या मालिकेपर्यंत आणि एका मराठी कादंबरीकर्तीपर्यंत पोचलात. दुकानातल्या मांडणीने हे कधी केलं नसतं.

जी. ए. कुलकर्णींचा रस्ता आणखी मजेशीर आहे. त्यांच्या कथांचे भक्त पुष्कळ, पण त्यांनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाची ओहायोच्या जंगलात वस्ती करणाऱ्या कुटुंबाची कादंबरीत्रयी ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ अशी मराठीत आणली, हे अनेकांना माहीत नसतं. रिक्टर आज अमेरिकेतही फारसे वाचले जात नसतील. मराठीत ते टिकले ते अनुवादकाच्या नावावर.

विकत घ्यायच्या आधी अनुवाद तपासायची एक दुकानातल्या दुकानात करायची चाचणी. मधलं कुठलंही संवादांचं पान काढा आणि मनातल्या मनात नव्हे, ओठ हलवून वाचा. तीन गोष्टी ऐका. माणसं एकमेकांना काय म्हणतात? इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. मुलगा बापाला ‘अरे’ म्हणेल, ‘अहो’ म्हणेल की ‘तू’ म्हणेल, हे अनुवादकाला ठरवावं लागतं. ते दोन पानांत कारण नसताना बदललं तर त्याचं लक्ष नव्हतं. नाती काय आहेत? नुसतेच ‘काका’ दिसले आणि ते आईचे भाऊ निघाले तर पुढेही घोटाळे असणार. आणि ‘त्याच्याद्वारे दार उघडलं गेलं’ अशी वाक्यं किती? एक चालेल, पानात चार असतील तर तीनशे पानं सोसवणार नाहीत. उलट पानभर वाचूनही ही तपासणी चालू आहे हेच विसरायला झालं, तर पैसे द्या.

मराठी वाचायला अजून जड जाणाऱ्यांसाठी, विशेषतः परदेशात वाढलेल्या मुलांसाठी, उलटी वाटही आहे. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) जेरी पिंटोंनी इंग्रजीत नेली. दया पवारांचं ‘बलुतं’ आणि बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हेही त्यांनीच. ‘श्यामची आई’ आणि ‘स्मृतिचित्रे’ शांता गोखल्यांच्या इंग्रजीत आहेत. दोन्ही प्रती शेजारी ठेवून एक प्रकरण मराठी, एक इंग्रजी असं वाचणारे मी पाहिलेत. ‘कोबाल्ट ब्लू’ त्यासाठी उत्तम, कारण छोटी आहे आणि तिची मराठी आजची, शहरी आहे.

पाचवी पायरी: वाचताना अडलं तर

नवा वाचक सगळ्यात जास्त अडतो तो बोलीपाशी. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) वऱ्हाडीत आहे. ‘रिंगाण’मध्ये धरणाने उठवलेला माणूस मागे जंगलात राहिलेल्या म्हशीच्या शोधात परत जातो, भाषा पन्हाळ्याच्या बाजूची. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिली वीस पानं जातात ती शब्द अडखळण्यात. शब्दकोश उघडू नका. यातले अर्धे शब्द त्यात नसतात. पहिली दोन प्रकरणं मोठ्याने वाचा. कानाला जे कळतं ते डोळ्यांना उशिरा कळतं. स्टोरीटेलसारख्या अॅपवर बोली जाणणाऱ्या आवाजातलं पुस्तक मिळालं तर सुरुवात ऐकून करा, मग छापील पुस्तक घ्या. तिसाव्या-चाळिसाव्या पानाला भाषा अंगवळणी पडते. पहिल्या पावसात गाडीचा वायपर लागेपर्यंत जेवढं धूसर दिसतं तेवढंच हे.

कुठून सुरुवात करायची, यावर थोडं. जीएंची ‘रमलखुणा’ पहिल्यांदा हातात घेऊन जीए कळत नाहीत म्हणणारे पुष्कळ. ‘निळासावळा’, ‘हिरवे रावे’पासून चढत जा. श्याम मनोहरांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ कथानक शोधत वाचली तर हाती काही लागणार नाही, विनोद ऐकत वाचली तर भरपूर लागेल. नंदा खरे यांची ‘उद्या’ विज्ञानकथा म्हणून घेतलीत तरी चालेल. पाळत, कंपन्या आणि माणसांची आकडेवारी यांवरची ती कादंबरी २०१४ची आहे आणि दरवर्षी थोडी अधिक खरी होत चालली आहे. अकादमीने तिला पुरस्कार दिला तेव्हा खऱ्यांनी तो नाकारला. जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मधल्या दीर्घकथा मात्र एका बैठकीला एक अशाच वाचा. दोन लागोपाठ वाचल्या तर पहिलीवर अन्याय होतो.

पन्नास पानं दिल्यावरही जमत नसेल तर पुस्तक सोडा. गिल्टी वाटून घेऊ नका. फक्त सोडताना कशामुळे सोडलं ते एका ओळीत लिहून ठेवा: भाषा, संथपणा, विषय की छपाईतल्या चुका. वर्षभराने त्या ओळी वाचल्या की स्वतःची आवड कळते, आणि काही पुस्तकं परत हातात घ्यावीशी वाटतात. ‘कोसला’ अनेकांच्या बाबतीत अशी दुसऱ्यांदा लागते.

घेण्याबद्दल

दुकानात नसलं तर प्रकाशकाला थेट फोन करा. मराठी प्रकाशक फोन उचलतात, टपालाने पुस्तक पाठवतात आणि बऱ्याचदा सवलतही देतात. ‘आवृत्ती संपली’ असं उत्तर आलं तर पुनर्मुद्रण कधी, हे विचारा आणि नाव नोंदवून ठेवायला सांगा. परदेशातून किंवा लहान गावातून बुकगंगा हे संकेतस्थळ सोयीचं पडतं, तिथे ई-बुकंही असतात. साहित्य संमेलनात भाषणांपेक्षा ग्रंथदालनात जास्त वेळ काढा. एरवी कुठल्याच दुकानात न पोचणारे लहान प्रकाशक तिथे स्वतः गाळ्यावर बसलेले असतात आणि पुस्तकाबद्दल पाच मिनिटं सांगतात. डिसेंबरात फर्ग्युसनवर २०२३पासून भरणारा पुणे पुस्तक महोत्सवही त्यासाठी बरा, फक्त शनिवार-रविवार टाळा. नुसतं चाळून बघायचं असेल तर महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं भिलार आहे. तिथे घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचायला पैसे पडत नाहीत. दुबई-लंडनकडच्या मंडळींनी आपल्या मंडळात नाशिकच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाची पुस्तकपेटी आहे का, याची चौकशी करावी.

आणि वाचनालयाचे सभासद असाल तर तिथे टेबलावर वाचकांच्या मागणीची एक वही असते. तीत नुसतं ‘नवीन कादंबऱ्या आणाव्यात’ असं लिहिलं तर कुणी काही आणत नाही. पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशक आणि आवृत्तीचं साल असं पूर्ण लिहा. खरेदीची यादी करणाऱ्याला ते जसंच्या तसं उतरवून घेता येतं.